पहिलं नाव निळ्यांचं

"अजून थोडा उचल, दादा. मागून."

बिनचूकने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याच्या बुडाखालची पातळ पाचर काढली आणि जाड सरकवली. हेल्मेट धाकट्या भावाच्या डोक्यावरच होतं. शिवणकामाच्या टेबलावर पाय लोंबकळत सोडून तो न्हाव्यापुढे बसावं तसा बसला होता आणि फरशीवर खडूने काढलेल्या वर्तुळाकडे बघत होता. बघत होता म्हणजे फक्त डोळे खाली होते. मान ताठ होती.

"आलं का मधे?"

"आलं," कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यात डोकावून बिनचूक म्हणाला. "वर्तुळ आलं मधे. तुझी मान कुठं गेलीय पण?"

"मान आहे तिथंच राहणार आता. ती वाकत नाही म्हणून तर कॅमेरा वाकवतोय."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"उड्या बंद म्हणाला. मी बरं म्हटलं. तो खूश, मी खूश."

"आणि हाताला मुंग्या येतात ते सांगितलंस त्याला?"

धाकट्याने उजव्या हाताची बोटं उघडमीट करून दाखवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागाहून, नाइलाजाने आल्यासारखी मिटली. "येतात, जातात. पाहुण्यांसारख्या. ही एवढी स्पर्धा होऊ दे दादा, मग बघू काय ते. कुणाला बोलू नकोस."

बिनचूकने स्क्रू आवळला. कॅमेरा असा पुढे कलला की त्याचं वजनही पुढे येतं, आणि पॅराशूट उघडताना जो हिसका बसतो तो मानेला आणखी जोरात खाली ओढतो, हे त्या खोलीतल्या दोघांनाही कळत होतं. दोघांनीही कळत नसल्याचं सोंग घेतलं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. विमानातून चौघं उडी मारतात आणि खाली येता येता हवेतच एकमेकांचे हातपाय धरून एक रचना करतात. ती जमली की सोडतात, दुसरी करतात, मग तिसरी. कोणती कशानंतर हे चिठ्ठ्या टाकून आधी ठरलेलं असतं. पस्तीस सेकंद मिळतात, तेवढ्यात ज्या टीमच्या जास्त रचना न चुकता होतील ती पुढे. पण जमिनीवरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही, दिसतात ते ठिपके. म्हणून चौघांबरोबर पाचवा उडी मारतो. तो त्यांच्या डोक्यावर राहतो, मान खाली घालून सगळं टिपतो, आणि पंच अंधाऱ्या खोलीत बसून त्याने आणलेलं चित्र बघून गुण देतात. चित्रात पकड दिसली नाही तर पकड झालीच नाही. कॅमेरावाला चुकला म्हणून उडी पुन्हा मिळत नाही, कारण तोही टीमचाच माणूस. एवढं असून बक्षिसाच्या फोटोत त्याला कडेला उभं करतात आणि बातमीत त्याचं नाव छापायला विसरतात.

धाकटा निळ्यांचा, म्हणजे निळ्या पोशाखाच्या टीमचा, कॅमेरावाला होता. शिक्षण अर्धवट, लग्न राहून गेलेलं, नोकऱ्या धरल्या तितक्या सोडलेल्या. निळ्यांचा कॅमेरावाला एवढीच त्याची ओळख होती आणि ती त्याला पुरत होती.

बिनचूकचं तसं नव्हतं. विमानतळाच्या मोठ्या शेडमध्ये कोपऱ्यातली खोली त्याची. उड्या मारणाऱ्यांचे पोशाख शिवायचे, फाटलेले सांधायचे, आणि राखीव पॅराशूट घडी घालून भरून द्यायचे. ते काम परवाना असलेल्यालाच करता येतं. त्याने स्वतः उमेदीत चार उड्या मारून बघितल्या आणि आपलं पोट जमिनीवरच बरं भरतं असा निकाल दिला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कुणी घेत नसे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी यंदा कोण जिंकणार हे तो सांगायचा आणि ते बहुतेक खरं व्हायचं, म्हणून तो बिनचूक.

यात जादूटोणा काही नव्हता. पोशाखांच्या बाहीवर आणि मांडीवर पकडायला जाड, कापूस भरलेल्या वळकट्या शिवलेल्या असतात. ज्या टीमला एकमेकांच्या जागा ठाऊक नसतात ती घाईने, खेचून धरते आणि तिथली शिवण उसवते. ज्यांचं सूत जमलेलं असतं त्यांच्या वळकट्यांना नुसती चकाकी येते. कँटीनमध्ये टीमवाले एकमेकांना लाख थापा मारत, पण दुरुस्तीला आलेला पोशाख बिचारा काय लपवणार? शिवाय बिनचूकची एक खोड होती. कुठल्याही टीमबद्दल बोलताना तो आधी तिच्या कॅमेरावाल्याबद्दल बोलायचा. "चौघं काय करतात ते सगळेच बघतात हो," तो म्हणायचा, "पाचव्याकडे बघा." लोक हसायचे. सख्खा भाऊ पाचवा असल्यावर दुसरं काय म्हणणार, असंही म्हणायचे.

त्या दुपारी दोघं भाऊ जेवायला घरी आले. घर शेडच्या मागेच, रस्ता ओलांडला की. बिनचूकच्या बायकोने ताटं वाढली. जेवण होऊन धाकटा हात धुवायला गेला तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजींचं बघितलंत ना?"

"काय?"

"ताट हातात उचलून जेवतात. छातीपर्यंत. मान खाली घालतच नाहीत. परवा बुटाचे बंद बांधायला भिंतीवर पाय ठेवला होता."

"लचकली असेल."

"लचकलेली मान आठ दिवसांत बरी होते. हे हिवाळ्यापासून चाललंय." ती ताटं गोळा करता करता थांबली. "तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या तोंडावरच दिसतंय. त्या कॅप्टनबाईला सांगा. नाहीतर मी सांगते."

"तू मधे पडू नकोस. टीममधनं काढलं तर त्याच्याकडे राहतंय काय?"

"जीव राहतोय," ती म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली. बिनचूकला राग आला. खरं बोललेलं ऐकलं की त्याला आधी रागच यायचा.

जेवण आटोपून तो खोलीवर आला तर निळ्यांची कॅप्टन दारातच उभी. ती दातांची डॉक्टर होती आणि हवेतही तशीच होती म्हणतात, धरलं की हलू द्यायची नाही. पोशाखाची चेन बदलायला टाकली होती ती न्यायला आली होती.

"काय म्हणतायत आमचे कपडे?" तिने हसत विचारलं.

कपडे छान म्हणत होते. चौघांच्याही वळकट्या नुसत्या चमकत होत्या, कुठे टाका ढिला नव्हता. इतकी जमलेली टीम बिनचूकने फार वर्षांत पाहिली नव्हती. निळे आतापर्यंत तिसरे आले होते, दुसरे आले होते, पहिले कधीच नाही. हे त्यांचं वर्ष होतं. आणि ते सगळं एका न वाकणाऱ्या मानेवर टांगलेलं होतं.

"उद्या कळेलच की," तो म्हणाला. "आज सगळं सांगितलं तर मला चहा कोण पाजेल?"

ती गेली नाही. चेन वरखाली करत राहिली. "तुमच्या भावाचं सगळं ठीक आहे ना? हल्ली उडी झाली की बाजूला जाऊन बसतो. बदलीची मुलगी तयार आहे माझ्याकडे, गरज पडली तर. पण त्याला कसं विचारायचं? इतक्या वर्षांचा माणूस."

तिने बोलण्याला जणू दार उघडून धरलं होतं. फक्त आत पाऊल टाकायचं होतं. बिनचूकच्या तोंडाशी शब्द आला, आणि त्याच वेळी धाकट्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, कडेला का होईना फोटोत उभा असलेला. "दमतो जरा," तो म्हणाला. "वय झालं की आता. माझाच भाऊ."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पडल्या आणि शेडमध्ये सगळ्या टीम जमल्या. मॅनेजरने माइक ठोकून बघितला आणि बिनचूकच्या हातात दिला. टाळ्या, शिट्ट्या. तो एका खोक्यावर चढला. त्याला हा कार्यक्रम आवडायचा, उगाच खोटं कशाला बोला? वर्षभर टेबलाशी वाकून बसणाऱ्या माणसाला एक दिवस सगळे मान वर करून बघतात.

पण गोम अशी होती की त्याला नुसतं नाव घेता येत नसे, कारण द्यावं लागे. निळ्यांना वगळलं तर चारी बाजूंनी प्रश्न येणार, का वगळलं. आणि कारण एकच होतं.

"तिसरे पिवळे," त्याने सुरुवात केली. "यांचा कॅमेरावाला उत्तम. चौघं मात्र एकमेकांना असे धरतात की जणू कुणी पळून जाणारे." हशा. "दुसरे लाल. त्यांच्या कॅमेरावालीला मी मानतो. ती नसती तर यांचं भांडणच दिसलं असतं चित्रात." पुन्हा हशा. मग तो थांबला. निळे पाचही जण खांबापाशी होते. धाकटा खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्याकडे एकटक बघत होता. फार वाट पाहणाऱ्या माणसासारखं बघत होता. बिनचूकला त्या नजरेचा अर्थ एकच लागला, मला सांभाळून घे.

"पहिले निळे," तो म्हणाला. "चौघांच्या वळकट्यांना यंदा मला सुई लावावी लागलेली नाही. संपलं."

शेड दणाणली. कॅप्टनने दोन्ही हात वर केले. यंदा पहिल्या टीमच्या कॅमेरावाल्याबद्दल बिनचूक अवाक्षरही बोलला नाही, हे त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नाही. धाकट्याने मान हलवली, म्हणजे त्याला जेवढी हलवता येत होती तेवढी, आणि तो बाहेर पडला. सुटला बिचारा, असं बिनचूकला वाटलं.

स्पर्धा सुरू झाली आणि निळे खरंच तसे उडाले. प्रत्येक फेरीगणिक ते पुढे सरकत गेले. शेडमधल्या मोठ्या पडद्यावर त्यांची चित्रं लागली की गर्दी गप्प व्हायची. चौघं मधोमध, चित्र जराही हलत नव्हतं. पाचर काम करत होती. प्रत्येक उडीनंतर धाकटा शेडच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी जाऊन उजवा हात डाव्याने चोळत बसे. बिनचूकने एकदा तिकडे जाऊन विचारलं, "जमतंय ना?" तो म्हणाला, "आता न जमून सांगतोय कुणाला?"

शेवटची फेरी निळ्यांचीच राहिली होती. साधी उडी झाली तरी पहिला नंबर होता. लोक मैदानात येऊन वर बघू लागले. ठिपके दिसले, मग एकेक निळं पॅराशूट उघडलं. चार उघडली. पाचवा ठिपका ठिपकाच राहिला.

"उघड," बिनचूक म्हणाला. मोठ्याने म्हणाला की मनात, ते त्याला नंतर आठवेना.

मुख्य पॅराशूटची मूठ पाठीमागे, उजव्या कमरेशी असते. ती उजव्या हाताने चाचपून ओढायची असते. राखीवची मूठ छातीवर डावीकडे, डाव्या हाताला सापडणारी. ठिपक्याला हातपाय फुटले, इतका तो खाली आला, आणि मग फाडकन पांढरं उघडलं. निळं नाही, पांढरं. राखीव पॅराशूट सावकाश उघडत नाही. जमीन जवळ आलेली असते म्हणून ते झटक्यात उघडावं असंच ते भरायचं असतं. ते बिनचूकनेच भरलं होतं, जीव ओतून, प्रत्येक घडी दोनदा तपासून. भावाचं म्हणून.

धाकटा मैदानाच्या पलीकडे वाळक्या गवतात उतरला, म्हणजे पडला. बिनचूक पोहोचला तेव्हा तो उताणा होता आणि शुद्धीवर होता. डोळे उघडे, चेहरा पांढराफटक. रुग्णवाहिकेतली नर्स ओरडत होती, "हेल्मेट काढू नका, कुणी हात लावू नका त्यांना!"

"दादा," तो म्हणाला, "कार्ड घे आधी. पंचांकडे दे."

"खड्ड्यात गेलं कार्ड."

"घे म्हणतो ना. त्यांची उडी आहे ती."

बिनचूकने गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि कार्ड काढलं. हेल्मेटला धक्का लागू नये म्हणून नर्सने त्याचं मनगट धरून ठेवलं. त्याची बायको धापा टाकत आली. नवऱ्याकडे तिने बघितलंदेखील नाही. ती रुग्णवाहिकेत चढली आणि दार लागलं.

त्याने कार्ड पंचांच्या खोलीत नेऊन दिलं, आणि मग पडद्यासमोर उभा राहिला. निळ्यांच्या रचना एकामागून एक येत होत्या, धरली, सोडली, धरली. इतकं सुरेख काही त्या पडद्यावर कधी दिसलं नव्हतं. मग चित्र एका बाजूला घसरलं. कुणाचा तरी बूट दिसला. मग शेतं, एक रस्ता, रस्त्यावरची एक गाडी. मग आकाश, नुसतं. पंचांनी मोजणं थांबवलं. कॅमेरा मात्र चालू होता आणि आकाश दाखवत होता. बराच वेळ कुणीच ते चित्र बंद करेना.

निळे पहिल्या तिघांतही आले नाहीत. बाहेर पडताना कँटीनवाल्याने, ज्याला अपघाताचं अजून काही कळलं नव्हतं, त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय बिनचूक, यंदा गंडलात की!"

"हो," तो म्हणाला. "गंडलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात भेटायला सोडलं. मानेत पट्ट्या घालून ती बसवली होती, डोक्याला लोखंडी कडं लावून ते दोन्ही बाजूंनी जखडलं होतं. डावा हात ठीक होता. उजवा चादरीवर ठेवल्याजागी पडून होता. डॉक्टर बाहेर म्हणाले होते की त्या हातात जोर परत येईल अशी आशा कुणी ठेवू नये, आणि त्यांना कुणी आधी थांबवलं कसं नाही? बिनचूकने ऐकून घेतलं.

"किती मोजल्या?" धाकट्याने छताकडे बघत विचारलं.

"निम्म्यापर्यंत."

"हात गेला दादा एकदम. नव्हताच जणू तो. बाहीखालचा पंख ढिला पडला, त्या बाजूने फिरलो आणि ते गेले चित्रातनं." डाव्या हाताने त्याने चादरीची कड मुठीत धरली. "तू माझं काहीच बोलला नाहीस त्या दिवशी. खोक्यावर."

"निळ्यांचं नाव घेतलं की."

"निळ्यांचं घेतलंस. माझं नाही. मला वाटलं, आता हा बोलतोय. दरवर्षी कॅमेरावाल्यापासून सुरुवात करतोस. आता म्हणशील, यांचा कॅमेरावाला यंदा चालणार नाही. लोक हसतील, कॅप्टन मला बाजूला घेईल, ती बदलीची पोर जाईल. आणि मी सुटेन. मी वाट बघत होतो रे. मला स्वतःला नाही जमलं म्हणायला."

"तूच म्हणालास कुणाला बोलू नकोस."

"म्हणालो." धाकट्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहिलं. त्याला ते पुसता येईना, बिनचूकने पुसलं. "लहानपणापासून कधी ऐकलंस माझं? हेच तेवढं ऐकायचं होतं?"

बिनचूक हातात रुमाल घेऊन बसून राहिला. आपण भावाची जागा वाचवली असं तो समजत होता, आणि भाऊ त्या जागेतून कुणी हाताला धरून बाहेर काढावं म्हणून उभा होता. ही एवढी एक गोष्ट त्याला ओळखता आली नाही. त्याला रडायलाही लाज वाटली.

थोड्या वेळाने निळे चौघं आले. हातात फुलं वगैरे काही नव्हतं, घरच्या कपड्यांत ती वेगळीच माणसं दिसत होती. बिनचूक त्यांना दारातच गाठून म्हणाला, "मला ठाऊक होतं सगळं. मान, हात. पाचर मीच घातली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीही एकदाच विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

"कोण आहे?" पलंगावरून आवाज आला. "मला छतच दिसतंय. जवळ या."

चौघं पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि त्याला दिसावं म्हणून त्याच्यावर वाकले. इतक्या वर्षांत त्याने त्यांना कायम वरून पाहिलं होतं.

"पडद्यावर आलं नाही ते ऐका," धाकटा म्हणाला. "मी तुम्हाला चित्रातनं घालवलं, पण बघत होतो. डोळे होते माझे तुमच्यावर. शेवटपर्यंत." त्याने डावा हात उचलला. "निम्म्यानंतरची रचना. तू आतून वळलीस ना, तर याचा हात तिथं आधीच होता. धडक नाही, काही नाही. अशी." बोटं वळली, मिटली. "मग सुटलात. एकदम चौघं."

"मला वाटलं मी उशिरा सुटलो," एक जण म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"नाही रे. बरोबर होतास. मग पुढची."

बिनचूक आत गेला नाही. चार वाकलेल्या पाठींमधून त्याला भावाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो डावा हात दिसत होता. हात सावकाश वळत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. मधूनच कॅप्टन हलक्या आवाजात "मग?" असं विचारत होती. तो हात खाली येईपर्यंत बिनचूक दारातच उभा राहिला.